नायक नसलेली चौकट

बेळगावचे छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर केव्हा येते, हे इथला कोणताही वाचक न विचारता सांगेल. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघाली की येते, कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरले की येते, सीमेवर एखाद्या एसटीला काळे फासले गेले की येते. त्या छायाचित्रात मधोमध एक झेंडा, एक उंचावलेला हात किंवा एक खाकी गणवेश असतो आणि उरलेले शहर त्याच्या मागे धूसर होऊन जाते. बातमीच्या छायाचित्रकाराचा यात काही दोष नाही. त्याला संध्याकाळच्या आत एक फोटो पाठवायचा असतो आणि तो फोटो पाहताक्षणी कळायला हवा असतो. मात्र वर्षानुवर्षे असेच होत राहिल्याने बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत बेळगावला एकच अर्थ उरला आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांतही. गावात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींची छायाचित्रे पाहा: किल्ल्याचा दरवाजा, कमल बस्ती, राजहंसगडावरचा सूर्यास्त, शिवजयंतीच्या चित्ररथावरचा मावळा. प्रत्येक चौकटीत एकच मानकरी, बाकीचे सगळे त्याचे भालदार-चोपदार.

रघुबीर सिंह या भारतीय छायाचित्रकाराची छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहतो ती या सवयीवरचा उतारा म्हणून. त्यांच्या उत्तम छायाचित्रांत मानकरी सापडत नाही. डोळा एका माणसावर टेकला की लगेच दुसऱ्याकडे ढकलला जातो, दुसऱ्याकडून एखाद्या खांबाकडे, खांबाकडून आरशाकडे, आणि आरशात पुन्हा कोणीतरी तिसराच आपल्या कामात गढलेला दिसतो. रस्त्यावर उभे राहून आपण प्रत्यक्षात जे पाहतो ते असेच असते, पण फोटोत ते उतरवताना बहुतेकांच्या हाती नुसती गर्दी लागते. सिंह यांच्या हाती गर्दी न लागता रचना लागली, ती कशी, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगता येते. जन्म १९४२ चा, जयपूरचा, एका सरंजामी राजपूत घराण्यातला. शाळकरी वयातच आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे जयपूरवरचे एक छोटे पुस्तक त्यांच्या हाती पडले. दिल्लीचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटले आणि चहाच्या धंद्यात नशीब काढावे म्हणून ते कलकत्त्याला गेले. तिथे धंदा जमला नाही, कॅमेरा मात्र जमला. १९६६ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ पुन्हा जयपूरला आले तेव्हा सिंह यांना त्यांचे काम जवळून पाहता आले. पुढे अमेरिकी आणि युरोपीय नियतकालिकांची कामे करत ते हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क असे राहत गेले, पण फोटो काढले ते प्रामुख्याने भारताचेच. गंगेवरचे पहिले पुस्तक १९७४ चे. मग कलकत्ता, राजस्थान, काश्मीर, केरळ, बनारस, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, तामिळनाडू अशी प्रांताप्रांतांची पुस्तके येत राहिली. राजस्थानच्या पुस्तकाला सत्यजित राय यांची प्रस्तावना आहे. १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९९ मध्ये, साठीही न गाठता, न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

आता छायाचित्रे. १९६७ मध्ये बिहारमधील मुंगेरला पावसात अडकलेल्या बायकांचे त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. ओल्या साड्या अंगाला चिकटलेल्या, बायका एकमेकींना बिलगून उभ्या, आणि सगळ्यांचे मिळून जणू एकच ओथंबलेले गाठोडे झालेले. पंचविशीतल्या छायाचित्रकाराने काढलेले हे चित्र सुंदर आहे, तरी मला ते अजून गुरूच्या सावलीतले वाटते. एक क्षण, एक समूह, एक भाव: कार्तिए-ब्रेसाँच्या शाळेतली ही उत्तम वही आहे. यानंतर चोवीस वर्षांनी, १९९१ मध्ये हावड्याच्या पदपथावर त्यांनी आरशांच्या दुकानाचे छायाचित्र काढले. विक्रीसाठी मांडलेले लहानमोठे आरसे, प्रत्येक आरशात रस्त्याचा वेगळा तुकडा, आरशांच्या भोवती खरी माणसे आणि आरशांच्या आत त्याच रस्त्यावरची प्रतिबिंबे. यात मुख्य कोण, हा प्रश्नच निरर्थक होतो. झवेरी बाजारातील सराफी पेढीचे १९८९ चे छायाचित्रही याच वळणाचे आहे. काचेआडची पेढी आणि काचेवर उमटलेला रस्ता एकाच सपाटीवर आले आहेत आणि आतले कुठे संपते, बाहेरचे कुठे सुरू होते, हे क्षणभर समजत नाही. मुंगेरपासून हावड्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच त्यांची खरी कारकीर्द असे मला वाटते. पुस्तकांची यादी, पुरस्कार, प्रदर्शने हे सगळे त्याच्या कडेला आहे.

या चित्रांत मधला खांब फार महत्त्वाचा आहे. फोटोग्राफीच्या कोणत्याही वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात की माणसाच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसू देऊ नका, चौकटीचे दोन तुकडे होऊ देऊ नका. सिंह खुशाल चौकटीच्या मधोमध खांब घेतात, मोटारीचे दार घेतात, छत्रीची दांडी घेतात. त्याने एका चित्राची दोन-तीन घरे होतात, आणि प्रत्येक घरात स्वतंत्र व्यवहार चाललेला असतो. रागमाला किंवा राजस्थानी लघुचित्रे ज्याने पाहिली आहेत त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही एका महालाच्या वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी वेगवेगळी माणसे आपापल्या नादात असतात, आणि अंगणातला मोर राणीइतकाच नीट रंगवलेला असतो. अमेरिकेतल्या ली फ्रीडलँडर यांनी दुकानाच्या काचा, आरसे आणि खांब वापरून रस्त्याची जी मोडतोड केली, तीही सिंह यांच्या नजरेत होती. दोन्हीकडून त्यांनी घेतले, आणि उसने घेतल्याचे लपवले नाही.

रंगाबाबत मात्र ते हट्टी होते. त्यांनी सुरुवात केली तेव्हा कलात्मक छायाचित्र म्हणजे कृष्णधवल, आणि रंगीत म्हणजे जाहिरात किंवा कॅलेंडर, अशी पक्की समजूत होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले ते १९७६ मध्ये, आणि त्यावरही टीकेची झोड उठली. त्याच्या कितीतरी आधीपासून सिंह रंगातच काम करत होते. त्यांचे म्हणणे असे की कृष्णधवलातली उदासी, तुटलेपणा आणि अपराधाची भावना ही पाश्चात्त्य मनाची मिळकत आहे. भारतीय माणूस वसाहतकाळापूर्वी कधी काळ्या-पांढऱ्यात पाहत नव्हता, त्याचे सौंदर्य, निसर्ग, माणुसकी आणि अध्यात्म ही सगळी रंगांतूनच वाहत आली आहेत.

हा हट्ट ज्या फिल्मवर त्यांनी पुरा केला, त्या कोडाक्रोमची घडण गमतीची आहे. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या या फिल्ममध्ये रंगद्रव्य नसतेच. तिच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात, पण ते मुळात कृष्णधवल असतात; रंग येतो तो फिल्म धुताना, एकेका थराला वेगळे रसायन देऊन. ही क्रिया इतकी किचकट होती की जगभरातल्या मोजक्याच प्रयोगशाळांत ती होत असे, आणि कॅनसासमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ती २०१० च्या अखेरीस थांबवली. म्हणजे कृष्णधवलाला परके म्हणणाऱ्या माणसाचे रोल, धुऊन येईपर्यंत, तांत्रिक अर्थाने कृष्णधवलच असत. यावर त्यांनी कोणाशी वाद घातला असता तर ऐकायला मजा आली असती.

ही फिल्म मंदही होती, म्हणजे तिला उजेड भरपूर लागे. ६४ आयएसओच्या (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचे माप) कोडाक्रोमवर कडक उन्हात एफ १६ ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे अगदी बारीक छिद्र, आणि सेकंदाचा साठावा भाग हे ढोबळ माप. दाट ढग आले की ॲपर्चर एफ ५.६ पर्यंत उघडावे लागे, आणि ते उघडले की पुढचे-मागचे सगळे एकाच वेळी स्पष्ट ठेवणे अवघड होई. आज मोबाइलवर रात्री दहा वाजता खडे बाजारात कोणीही सुबक फोटो काढतो, त्याला हे सांगूनही पटणार नाही. कोडाक्रोमची स्लाइड निघे, आणि स्लाइडवर प्रकाशाची चूक खपत नसे. प्रकाशाच्या मापात अर्धा स्टॉप इकडचा तिकडे झाला की चेहरे काळवंडत किंवा पांढरे धोतर करपून जाई. अशा फिल्मवर चौकटीतला प्रत्येक कोपरा स्पष्ट ठेवायचा म्हणजे उजेड, अंतर आणि हलणारी माणसे यांचे गणित डोक्यात सतत चालू हवे. नायक नसलेली चौकट ही म्हणूनच ढिलाईने मिळत नाही. एका चेहऱ्यावर फोकस करून बाकीचे धूसर करणे हे त्या मानाने फार सोपे काम आहे.

रंगाच्या सिद्धांताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांची कृष्णधवल छायाचित्रे ज्याने पाहिली आहेत, त्याला ती परक्या मनाची वाटणार नाहीत. आपल्या घरांतल्या भिंतींवर आजोबा-पणजोबांचे जे फेटेवाले चेहरे टांगलेले आहेत, तेही काळ्या-पांढऱ्यातच आपले झाले. सिंह यांनी स्वतःच्या आवडीला संपूर्ण संस्कृतीचा नियम केले, असे मला वाटते. कलावंत असे नियम स्वतःच्या पायाखालची जमीन घट्ट करण्यासाठी करतात. ते इतरांनी पाळलेच पाहिजेत असे नाही.

मी कॅमेरा घेऊन फिरतो तो प्रामुख्याने गणपत गल्ली, मारुती गल्ली आणि खडे बाजाराच्या परिसरात, कधी शहापूरला, कधी यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वडगावच्या गल्ल्यांतून. गणेशचतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत गणपत गल्लीत उभे राहायला जागा मिळाली तर नशीब समजावे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचा कागद अंथरून बसलेल्या असतात. मागे साड्यांच्या दुकानाची भली मोठी काच, काचेत पुतळ्यांच्या अंगावरच्या जरीच्या साड्या, आणि त्यांच्यावर रस्त्याचे प्रतिबिंब. एका चतुर्थीला अशाच एका काचेसमोर मी थांबलो होतो. डावीकडे दुर्वा आणि केवडा घेऊन बसलेली एक म्हातारी, उजवीकडे स्कूटर, स्कूटरच्या पायदानावर पाटावर बसवलेला, वर्तमानपत्राने तोंड झाकलेला गणपती, आणि त्याला दोन्ही गुडघ्यांत धरून कन्नडमध्ये फोनवर बोलत असलेला गृहस्थ. काचेत एक पोलीस शिट्टी वाजवत होता. काचेच्या आत दुकानातला पोऱ्या एका पुतळ्याच्या निऱ्या गुडघ्यावर बसून बसवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपण कोणाची तरी सेवा करतो आहोत असा काही विलक्षण गांभीर्याचा भाव होता.

पोऱ्या आणि पोलीस एकमेकांवर येऊन चित्र बुजत होते. पोलीस थोडा पुढे सरकला तर दोघांना आपापले घर मिळाले असते. मी वाट पाहत राहिलो. तेवढ्यात म्हातारीने विचारले, "काय ओ, कशाला काढालायसा फोटो? पेपरात येतंय काय?"

"नाही ओ मावशी, असाच. गर्दीचा."

"गर्दीचा कशाला? गर्दी काय रोजचीच हाय. माझा एकटीचा काढा की, नीट."

मी तिचा एकटीचाही काढला, पदर सावरून बसलेला, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा. पुढे तिला त्याची प्रत नेऊन दिली तेव्हा तिला तो आवडला, आणि गर्दीचा फोटो दाखवला तेव्हा तिने आपल्या शेजारणीचा अर्धाच हात आल्याबद्दल नापसंती नोंदवली. सिंह यांच्या पद्धतीवरचा हा आक्षेप खोटा नाही. ज्याचा फोटो काढला जातो त्याला बहुधा नायकच व्हायचे असते. स्टुडिओतल्या पडद्यासमोर ताठ बसून काढून घेतलेले फोटो आपल्याला प्रिय असतात ते यासाठीच, की त्यात निदान एकदा तरी सगळी चौकट आपली असते. रस्त्यावरचा छायाचित्रकार माणसाला त्याच्या शेजाऱ्यांत, पाट्यांत, वाहनांत नेऊन बसवतो, आणि त्या माणसाने तसे करायला सांगितलेले नसते.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्याकडे कोणत्याही रस्त्याच्या फोटोत पाटी ही कॅलेंडरसारखी काम करते. जुन्या फोटोत मराठीत रंगवलेली दुकानांची नावे दिसतात. पुढे त्यांच्या शेजारी किंवा डोक्यावर कन्नड येते. २०१४ च्या एक नोव्हेंबरनंतर सरकारी फलकांवरचे बेळगाव बेळगावी होते. आणि २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड असण्याची सक्ती आल्यावर अक्षरांची मापेच बदलतात. पाटीवरून वर्षाचा अंदाज बांधणारी जाणती माणसे गावात आहेत. बातमीच्या फोटोत पाटी आली तर ती पुरावा म्हणून येते, कोणी तरी काठीने ती पाडत असते किंवा तिच्यावर रंग फासत असते. पण त्याच पाटीखाली रोज सकाळी शटर वर करून देवाला उदबत्ती लावणारा दुकानदार, कुंद्याचा डबा बांधून घेणारे गिऱ्हाईक आणि मराठीत भाव सांगून कन्नडमध्ये पैसे मोजणारा नोकर हे सगळे चौकटीत घेतले, तर पाटी त्यांच्यातलीच एक होते. तिचा राग येणारे आणि न येणारे दोघेही तिच्या सावलीत उभे असतात. सीमाभागाचे हे रूप मला कोणत्याही लेखापेक्षा अशा फोटोंत अधिक खरे दिसते, आणि सिंह यांच्याकडून मी जे उचलले ते मुख्यतः हेच.

त्यांचे शेवटचे काम ॲम्बॅसडर मोटारीवरचे होते आणि ते पुस्तकरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये आले. मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली ही गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. सिंह यांनी तिचे फोटो काढले, पण त्याहून अधिक तिच्यातून काढले. दाराची चौकट, पुढची काच, बाजूचा आरसा, उघडे दार: गाडी हाच कॅमेऱ्याच्या आतला दुसरा कॅमेरा झाला. रस्ता तिच्या अनेक खिडक्यांत विभागला गेला आणि प्रत्येक खिडकीत वेगळे भारतीय वर्तमान बसले. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या वाटांवर वडाप करणाऱ्या गाडीत दाटीवाटीने बसलेल्या माणसाला हे दृश्य नवीन नाही. पुढच्या काचेला लटकणारा लिंबू-मिरचीचा सर, आरशात ड्रायव्हरचे डोळे, मांडीवर दुसऱ्याचे मूल आणि खिडकीबाहेर पळणारा तंबाखूचा मळा, हे सगळे त्याला एकदमच दिसते. ते चौकटीत धरण्याचे कष्ट मात्र आपण घेत नाही.

एक गोष्ट वगळून त्यांच्याविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा एका महिला कलावंताने त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा जाहीर आरोप केला आणि संग्रहालयाबाहेर मूक निदर्शने झाली. उत्तर द्यायला ते हयात नव्हते. तेव्हापासून माणुसकी हा त्यांच्या सिद्धांतातला शब्द मला पूर्वीइतक्या सहजपणे वाचता येत नाही, आणि मुंगेरच्या बायकांकडे पाहतानाही, त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न मनात येऊन जातो. छायाचित्रे त्यामुळे वाईट झाली असे म्हणवत नाही. ती पूर्वीसारखी राहिली असेही म्हणवत नाही.

आणखी एक मर्यादा आहे, ती आमच्या भागापुरती. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी एक जूनला माणसे जमतात, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेल्यांना अभिवादन करायला. अशा दिवसाचे चित्र सिंह यांच्या पद्धतीने काढले तर ते कदाचित अप्रतिम होईल, आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. गोळी कोणाला लागली, कुठे लागली, समोर कोण होते, हे ज्या फोटोत पाहताक्षणी कळते तोच फोटो तेव्हा हवा असतो, आणि तो काढायला बातमीदार छायाचित्रकारच लागतो, जीव धोक्यात घालून पुढे घुसणारा. माझी तक्रार इतकीच आहे की त्या एका दिवसासाठी घडवलेली नजर आपण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांनाही लावून बसलो आहोत. वर्तमानपत्रांनी आठवड्यातून एक चौकट जरी बिनबातमीच्या गल्लीला दिली, आणि तिथे एखाद्या हौशी मुलाला महिनोन्महिने त्याच कोपऱ्यावर उभे राहू दिले, तर काही वर्षांत या शहराचा असा एक संग्रह उभा राहील ज्यात मारुती गल्लीतला बोहारणीचा व्यवहार आणि कपिलेश्वर उड्डाणपुलाखालचा रिक्षा थांबा यांना मोर्चाइतकीच जागा असेल. खर्च फारसा नाही. फिल्म आता लागत नाही, आणि धुवायला काही परदेशी पाठवावे लागत नाही.